गोल्फच्या चेंडूवर खळगे कसे आले?

सोलापुरातल्या एका वाचकाने विचारले आहे की, गोल्फचा चेंडू गुळगुळीत का नसतो. पूर्वीचा चेंडू चामड्याच्या खोळीत ओली पिसे ठासून शिवलेला, महाग आणि पावसात निकामी होणारा असे. 1848च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा स्वस्त, गुळगुळीत चेंडू आला. मात्र खेळून ओरखडे पडलेला चेंडूच अधिक सरळ व लांब जातो, हे ध्यानात आल्यावर नव्या चेंडूंवरही मुद्दाम खुणा ठोकल्या जाऊ लागल्या. 1898मध्ये कोबर्न हॅस्केल यांनी, आपल्याकडे यंत्रमागासाठी कांडीवर सूत भरतात तसा (तुलना माझी), गाभ्याभोवती ताणलेला रबरी धागा गुंडाळला. आजच्यासारख्या खळग्यांची कल्पना विल्यम टेलर यांची, 1905ची. खळग्यांमुळे हवेचा थर पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहतो आणि चेंडूमागचा भोवरा आक्रसल्याने हवेचा अवरोध घटतो.