मालवणी मुलखातील भुते घेऊन मुलांसाठी विनोदी रहस्यकादंबरी लिहायची आहे. भुते असतील, तर रहस्य टिकते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आपण सिंधुदुर्गात घडणारी, भुतांची विनोदी रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे, परंतु जिथे भूत बंद दारातून आरपार जाते, तिथे चोरी कशी झाली या प्रश्नात दमच उरत नाही, अशी शंका आपल्याला आली आहे. मी वेंगुर्ले तालुक्यातील एका गावात शाळकरी मुलांचा वाचनवर्ग चालवतो आणि अशी पुस्तके मुलांसमोर मोठ्याने वाचतो. माझा अधिकार तेवढाच आहे, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आपली शंका जुनीच आहे. इंग्लंडमधील रहस्यकथाकार आणि धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांतील दुसरा नियम असा की अलौकिक शक्तींना कथेत अजिबात थारा देऊ नये. त्यामागचा विचार रास्त होता. शोध घेणाऱ्याला जे ठाऊक होते ते वाचकालाही ठाऊक असले पाहिजे, आणि शेवटच्या प्रकरणात कोणी झोळीतून मंत्र काढून उलगडा केला, तर तोवर डोके खाजवत बसलेल्या वाचकाची ती शुद्ध फसवणूक ठरते. मुले ही फसवणूक मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. आमच्या वर्गात एका गोष्टीतील जादूची अंगठी शेवटी अचानक बोलू लागली, तेव्हा पाचवीतील एक मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, "मगे आधी कित्याक नाय बोलली ती?" तिचे म्हणणे आणि नॉक्स यांचे म्हणणे एकच आहे. मात्र तिला अंगठी बोलण्याचे वावडे नव्हते. अंगठी बोलू शकते हे आपल्यापासून लपवले, याचा तिला राग होता. म्हणून जादू जरूर ठेवावी, पण तिला काय जमते आणि काय जमत नाही हे पहिल्या चार-पाच प्रकरणांतच वाचकाच्या हाती द्यावे.

याबाबतीत आपण सुदैवी आहात, कारण कोकणातील भुते मुळातच नियमांनी बांधलेली आहेत. मुंजा पिंपळ सोडून जात नाही. चकवा माणसाला रात्रभर त्याच त्या वाटेवर फिरवतो, पण उजाडले की त्याचा अंमल संपतो. देवचार आपल्या हद्दीची राखण करतो. हे सगळे आजीने पोरांना सांगितलेलेच असते, त्यामुळे निम्मे काम परस्पर झालेले आहे. यांतील मुंजा मला रहस्यकथेसाठी सर्वांत सोयीचा वाटतो. मुंज झालेला, पण लग्न होण्याआधीच गेलेला मुलगा मुंजा होतो, असा समज आहे. आणि मुंज परंपरेने आठव्या वर्षाच्या सुमारास होत असल्याने तो आपल्या वाचकांच्याच वयाचा ठरतो. शिवाय तो जागचा हलत नाही, रात्रंदिवस एकाच ठिकाणाहून गावाकडे पाहतो. याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

आता माझा मुख्य मुद्दा. नियम सांगायचा तो धड्यासारखा सांगू नये, विनोदात दडवून सांगावा, कारण हसलेला वाचक त्या वाक्याकडे पुरावा म्हणून पाहत नाही. समजा, आपल्या कथेतील मुंजा तिसऱ्या प्रकरणात बढाई मारतो की गावातले एकही पान त्याच्या नजरेतून सुटत नाही. नायिका विचारते, "मग देवळामागे काय चाललाहा?" त्यावर तो चिडतो: "थंय वडाची फांदी आडवी येता! गेली तीस वर्षां ग्रामपंचायतीत अर्ज देतंय, कोण वाचीत नाय." भूत ग्रामपंचायतीत अर्ज देते म्हटल्यावर मुले खिदळतात आणि पान उलटतात. दहाव्या प्रकरणात तोच मुंजा सहज सांगून जातो की त्याने देवळामागून चोराला जाताना पाहिले. इथे हुशार वाचकाच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे. मुंजा खोटे बोलत असेल किंवा मधल्या काळात कोणीतरी फांदी तोडली असेल. आणि तोडली असेल तर कोणी, कधी आणि का? पंचायतीने तीस वर्षांत न केलेले काम ज्याने एका रात्रीत केले, त्याला त्या फांदीचा अडथळा होता हे उघड आहे. विनोद काढून टाकला तर रहस्य कोसळते, अशी ही बांधणी असावी. निव्वळ हशासाठी मध्ये पेरलेले विनोद मुलांना आवडतात खरे, पण ते कथेला पुढे ढकलत नाहीत.

किनाऱ्याने दिलेला एक अस्सल पुरावा आपण वापरावा असे मला वाटते. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशेब मच्छीमारांकडे आजही आहे. ठिकाणानुसार त्यात थोडाफार फरक पडतो. समजा, संशयिताचे म्हणणे असे की चोरी झाली त्या संकष्टीला दुपारी तीन वाजता तो खाडीत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढत होता. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे त्या वेळी खाडी भरलेली असणार आणि ज्या वाळूत तिसऱ्या मिळतात ती पाण्याखाली असणार. मुलाला हा हिशेब घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहून स्वतः करता येतो. तो हिशेब आधी एखाद्या तिरसट आजोबांच्या तोंडून, पाढे न येणाऱ्या नातवाला झापताना येऊ द्यावा.

कौलापासून मात्र सांभाळून राहावे. देवाला प्रश्न विचारून, मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून यावरून उत्तर घेण्याची रीत घराघरांत ठाऊक आहे; ती कथेत आली की वाचक विचारणारच, "चोर कोण ते देवालाच का नाही विचारत?" त्याचे उत्तर आपल्याकडे तयार नसेल तर कौल वगळलेला बरा. तसेच आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात आणि तो रात्री गावात फिरत असल्याने त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्यातली एकच चप्पल गायब होणे ही कादंबरीची सुरुवात म्हणून मोहात पाडणारी आहे. पण गाव काल्पनिक घ्यावे आणि हसू माणसांच्या धांदलीचे असावे, देवाचे नव्हे.

भीती आणि हसू यांचे प्रमाण जमत नसेल तर दशावतार या कोकणी लोकनाट्याच्या आरंभी येणारा संकासुर आठवावा. काळ्या वेशातला हा राक्षस वेद चोरणारा गुन्हेगारच आहे, पण तो मालवणीत अशा काही फिरक्या घेतो की पुढे बसलेली मुले आधी आईच्या पदराआड जातात आणि मग हसू लागतात.

गुन्हा खुनाचा नसावा. चोरी, अदलाबदल किंवा बेपत्ता होणे या वयाला पुरते. गुन्हेगार माणूस असावा आणि संशय भुतांवर यावा, हे माझे वैयक्तिक मत. भूतच दोषी निघाले की मुलांना काहीसे फुकट गेल्यासारखे वाटते. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत ठेवले तर पुण्या-नागपूरच्या मुलांचेही अडत नाही, मात्र एका संवादात दोनपेक्षा अधिक अनोळखी शब्द नसावेत.

हस्तलिखित झाल्यावर ते पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, शेवटच्या प्रकरणाआधी थांबावे आणि प्रत्येकाला संशयिताचे नाव चिठ्ठीवर लिहायला सांगावे. सगळ्यांनी बरोबर ओळखले तर फांदीचा विनोद आणखी खोल दडवावा लागेल, कोणीच ओळखले नाही तर उलगडा वाचून झाल्यावर "अरे हो, तो अर्ज!" असे कोणी म्हणते का, तेवढे ऐकावे.