हर्शीच्या आर्व्ही प्रदर्शनाला निघण्यापूर्वी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या आर्व्ही (म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरांच्या) प्रदर्शनाला जायचे आणि पसंत पडल्यास तिथेच ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे घर, ठरवून यायचे, हा तुम्हा दोघांचा बेत समजला. जाण्यास माझी मुळीच हरकत नाही. तिथल्या जायंट सेंटर या क्रीडागृहाभोवतीच्या वाहनतळांवर हजाराहून अधिक गाड्या दारे उघडून उभ्या असतात, आणि न्यू जर्सीतल्या डीलरांकडे महिनोन्महिने खेपा घालूनही इतके पाहायला मिळणार नाही. मात्र तिथेच ठरवून येण्याचा विचार सोडून द्या. हे प्रदर्शन नापसंतीची यादी लांबवण्यासाठी आहे, आणि घरी परतताना दोन-तीन मॉडेले शिल्लक राहिली तर तेवढे पुष्कळ झाले.

पहिले काम घरीच करायचे आहे. तुमच्या गाडीच्या चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते आणि माणसे व सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. विक्रेता तुम्हाला गाडी किती पौंड ओढू शकते तेवढेच सांगेल, पण बहुतेक कुटुंबांचे गणित फसते ते या दुसऱ्या आकड्यावर. समजा तो १,४०० पौंड आहे आणि सामानासह ट्रेलरचे वजन ६,००० पौंड होते. त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या आकड्यावर), म्हणजे तुमच्याच गाडीवर, येतो. बारा टक्के धरले तरी ७२० पौंड झाले, त्यात हिचच्या सामग्रीचे ऐंशी मिळवले की उरले ६००. दोन मोठी माणसे आणि दोन मुले बसल्यावर सायकली, शीतपेटी आणि तंबूसाठी जेमतेम दीडशे पौंड राहतात. माहितीपत्रकातले रिकाम्या ट्रेलरचे वजन या हिशेबात धरू नका, कारण रिकामा ट्रेलर घेऊन कोणी सहलीला जात नाही. नुसत्या ४० गॅलन पाण्याचेच सुमारे ३३० पौंड होतात. ट्रेलरच्या दाराजवळच्या पिवळ्या पट्टीवर त्यात किती सामान भरता येते ते लिहिलेले असते. तिचा फोटो काढल्याशिवाय पुढच्या ट्रेलरकडे वळू नका, कारण संध्याकाळपर्यंत सगळी स्वयंपाकघरे सारखीच दिसू लागतात.

सामान्य प्रेक्षकांना बुधवार ते रविवार प्रवेश असतो. शक्य असल्यास बुधवारी किंवा गुरुवारी जा, कारण शनिवारी एकेका ट्रेलरच्या पायरीशी रांग लागते आणि मागचे लोक खोळंबलेले असताना आत नीट काही पाहता येत नाही. सारे उघड्यावर असते, तेव्हा छत्री आणि चालायचे बूट न्यावेत.

आत गेल्यावर सजावटीकडे पाहू नका, तिथे राहून पाहा. पलंगावर दोघांनी आडवे व्हा, न्हाणीत उभे राहून हात वर करा, शौचालयाचे दार लावून बसा. विक्रेत्याला स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवून जागा वाढवणारा खोलीचा भाग) आत घ्यायला सांगा आणि मग फ्रिजपर्यंत व शौचालयापर्यंत पोहोचता येते का ते तपासा. वाटेत जेवायला थांबल्यावर ट्रेलर नेमका त्याच अवस्थेत असतो. (विक्रेता कुरकुरला, तर तोही तपासणीचाच भाग समजा.) नंतर बाहेर येऊन छताचे सांधे आणि खिडक्यांभोवतीचे सीलंट पाहा. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. ब्रँडच्या नावावर फार वेळ घालवू नका. जेको, कीस्टोन आणि एअरस्ट्रीम ही तिन्ही नावे थॉर इंडस्ट्रीजच्याच छत्राखाली आहेत, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रेलरखालचा सांगाडा अनेकदा लिपर्ट या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडूनच आलेला असतो.

खरा फरक डीलरमुळे पडतो. हर्शीला दूरदूरच्या राज्यांतले डीलर येतात आणि त्यांची किंमत मोहात पाडणारी असू शकते, पण हमीच्या काळात पाणी गळू लागले तर ट्रेलर त्यांच्यापर्यंत ओढत न्यावा लागेल. घराजवळचे डीलर बहुधा आपल्या ग्राहकांची कामे आधी हातात घेतात आणि बाहेरून घेतलेली गाडी मागे ठेवतात. म्हणून दुरुस्तीसाठी सध्या किती आठवडे थांबावे लागते, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

किंमत विचाराल तेव्हा वाहतूक, तयारी आणि कागदपत्रांचे शुल्क धरून एकूण रक्कम लेखी मागा. मासिक हप्त्यावर बोलणे सुरू झाले की कर्जाची मुदत आधी विचारा. पंधरा-वीस वर्षांच्या कर्जात हप्ता लहान दिसतो, पण ट्रेलरची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते. “ही सूट आजच्यापुरतीच” असे सांगितले, तर तो आकडा लिहून घ्या आणि जेवायला जा. तीन दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, अशी समजूतही बाळगू नका: तो अमेरिकेचा केंद्रीय नियम, डीलरचे कायमचे दुकान असल्यास, तात्पुरत्या जागी विकलेल्या मोटार वाहनांना लागू होत नाही, आणि ट्रेलर घेतानाही त्यावर विसंबू नये. अनामत दिलीच, तर ती परत मिळेल आणि ताबा घेण्यापूर्वी स्वतंत्र तपासनिसाकडून ट्रेलर पाहून घेता येईल, या दोन्ही अटी पावतीवरच लिहून घ्या.

दारावरच्या पट्टीचा फोटो या आठवड्यात पाठवा, म्हणजे किती वजनापर्यंतचे ट्रेलर पाहायचे ते मी मांडून कळवतो.

तुझा,
काका