गिअर नीट पडत नाही: दोष गिअरबॉक्सचा की लिंकेजचा?

प्रश्न: माझ्याकडे २० वर्षांहून जुना, सपाट तोंडाच्या केबिनचा ट्रक आहे. हंगामात उसाची वाहतूक करतो आणि एरवी बेदाणा व हळद वाशीच्या बाजारात पोहोचवतो. काही महिन्यांपासून गिअरची दांडी फार सैल झाली आहे. पहिला, दुसरा आणि चौथा गिअर कसाबसा पडतो. पण तिसरा व पाचवा पूर्ण बसल्यासारखे वाटत नाहीत, आणि परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या चढाला तिसरा गिअर आपोआप सुटतो. एक मिस्त्री गिअरबॉक्स उतरवावाच लागेल असे सांगतात, तर दुसरे म्हणतात की खालचा जॉइंट वेल्डिंग करून घट्ट करून देतो. कोणाचे ऐकावे?
— एक ट्रकमालक, सांगली जिल्हा

उत्तर: तूर्त दोघांचेही ऐकू नका. गिअरबॉक्स उतरवणे हे खर्चाचे आणि गाडी काही दिवस उभी ठेवणारे काम आहे, आणि वेल्डिंगने मूळ दोष झाकला जातो. दोष नेमका कुठे आहे हे तासाभरात, जवळजवळ फुकट, सिद्ध करता येते. ते सिद्ध झाल्याशिवाय एकही मोठा बोल्ट सोडू देऊ नये.

तुमच्या पत्रातच एक महत्त्वाचा धागा आहे. दांडीच्या नेहमीच्या मांडणीत तिसरा आणि पाचवा हे दोन्ही गिअर एकाच दिशेला पडतात, तर दुसरा आणि चौथा त्यांच्या विरुद्ध दिशेला. एकाच दिशेचे गिअर अपुरे बसत असतील, तर दोन वेगवेगळ्या गिअरचे दाते एकाच वेळी खराब झाले असण्यापेक्षा दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची हालचाल त्या दिशेला कमी पडत असण्याची शक्यता अधिक असते. याउलट बिघाड एकाच गिअरपुरता असता, तर माझाही संशय आधी गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर गेला असता.

सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पुढे बसतो आणि गिअरबॉक्स त्याच्या बराच मागे असतो. त्यामुळे दांडी थेट गिअरबॉक्सच्या टॉप कव्हरमध्ये (वरच्या झाकणात) न उतरता रॉड, बुश (पिनभोवतीची नळी), बॉल जॉइंट आणि लिव्हर यांच्या साखळीतून, म्हणजेच लिंकेजमधून, हालचाल मागे पोहोचवते. या साखळीत पाच जोड असतील आणि प्रत्येकात केवळ १ मिलिमीटर झीज झाली असेल, तरी ती सगळी झीज एकत्र होऊन हालचालीतून वजा होते. गिअरबॉक्सच्या आत गिअर गुंतवणारी स्लीव्ह पूर्ण बसण्यासाठी साधारण १०-१२ मिलिमीटरच सरकते. म्हणून बाहेर वाया गेलेले दोन-तीन मिलिमीटरसुद्धा दात्यांना अर्धवट गुंतलेले ठेवतात, आणि चढाला ताण आला की असे दाते एकमेकांना बाहेर ढकलतात. उसाच्या फडातला चिखल, रस्त्याची धूळ आणि गाडी धुताना जॉइंटवर थेट मारलेले दाबाचे पाणी यांमुळे ग्रीस निघून जाते व ही झीज फार लवकर होते.

तपासणी पुढील क्रमाने करावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि इंजिन बंद असल्याची खात्री करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. केबिन उचलून काम करायचे असल्यास तिचा आधार नीट अडकला आहे हे पाहिल्याशिवाय खाली कोणी डोके घालू नये.

प्रथम इंजिन बंद असताना क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असताना ते सहज पडतात आणि चालू झाल्यावरच अडतात किंवा खरखरतात, असे असेल तर लिंकेजला हात लावण्याचे कारण नाही. याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही, आणि तिथे क्लचच्या तेलात शिरलेली हवा, गळका सिलेंडर किंवा खराब प्लेट शोधावी. तुमच्या वर्णनावरून तसे वाटत नाही, पण ही शक्यता आधी बाद करणे आवश्यक आहे.

त्यानंतर एका माणसाने केबिनमधून दांडी हळूहळू पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक जोड पाहावा. ज्या जोडाच्या अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा काही क्षण स्थिर राहतो, तिथे झीज आहे. डोळ्यांना नीट दिसले नाही तर जोडावर बोट ठेवावे. सैल जोडातला धक्का बोटाला लगेच कळतो.

निर्णायक चाचणी याच्या पुढची आहे. गिअरबॉक्सकडच्या टोकाला रॉडची पिन काढून रॉड मोकळा करावा आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने किंवा पान्याने हलवून एकेक गिअर टाकावा. दाते समोरासमोर येऊन अडले तर एका माणसाने प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने किंचित फिरवावा. मात्र त्यासाठी गाडी ठोकळ्यांवर पक्की थांबलेली हवी. प्रत्येक गिअर स्पष्ट ‘खट्’ असा आवाज करून शेवटपर्यंत बसत असेल, तर तुमचा गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नाही. लिव्हर लुळा वाटत असेल, गिअर बसल्याची जाणीवच होत नसेल किंवा तो अडकून बसत असेल, तर आधी केवळ टॉप कव्हर उघडून डिटेंट स्प्रिंग (गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग), सिलेक्टर फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) आणि फोर्कचा लॉक बोल्ट पाहावा. संपूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी त्यानंतरच येते.

गिअर चढालाच सुटतो, यामागे आणखी एक कारण असू शकते आणि ते बहुतेक ठिकाणी पाहिलेच जात नाही. दांडी केबिनला किंवा चेसिसला धरलेली असते, पण गिअरबॉक्स इंजिनाबरोबर रबरी माउंटिंगवर बसलेला असतो. ही रबरे चेपली किंवा फाटली, तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन-गिअरबॉक्स एका बाजूला पिळतो आणि रॉड आपोआप ओढला जातो. ड्रायव्हरने दांडीला हात न लावताही गिअर न्यूट्रलकडे सरकतो. नवे बुश टाकूनही गिअर सुटत राहिला, तर माउंटिंगकडे पाहावे. खरे तर बुश बदलण्याआधीच पाहावे.

वेल्डिंगला माझा ठाम विरोध आहे. बॉल जॉइंट हा फिरण्यासाठी बनवलेला भाग आहे. उष्णतेने त्यातले ग्रीस जळते, आतली बैठक वितळते आणि कठीण केलेल्या बॉलचा टणकपणा जातो. जोड जखडला की रॉडवर वाकवणारा ताण येतो आणि तो पुढे दुसऱ्याच जागी, कदाचित घाटात, तुटतो. तारेने बांधलेल्या जोडाबाबतही हेच म्हणेन. झिजलेले बुश आणि जॉइंट नवेच घ्यावेत. जुन्या गाडीचा बुश बाजारात मिळत नसेल तर चांगल्या टर्नरकडून पितळी बुश पिनच्या मापाने करून घ्यावा, आणि पिनवर खाच पडली असेल तर पिनही बदलावी.

नवे भाग बसल्यावर जुळणी करावी. गिअरबॉक्स व दांडी दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून रॉडचे चेक नट (रॉडची लांबी पक्की धरणारे नट) सैल करावेत आणि पिन जोर न लावता आत जाईल इतकी रॉडची लांबी जमवावी. रॉडचा आटा टोकात किमान त्याच्या जाडीइतका तरी आत असला पाहिजे. चेक नट आवळून, नवी स्प्लिट पिन घालून, दोन्ही दिशांना दांडी सारखीच जाते का आणि ती केबिनच्या जमिनीतल्या फटीला किंवा रबर बूटला टेकत नाही ना, हे पाहावे. बूट कडक होऊन दांडीला अडवत असल्यानेही गिअर अपुरा बसतो.

हे काम होईपर्यंत भार घालून घाट चढू-उतरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: घाट उतरताना लिंकेज तुटलेच, तर ड्रायव्हरने नेमके काय करावे?
— त्याच पत्रलेखकांचे बंधू

उत्तर: गाडी त्या क्षणी गिअरमध्ये असेल तर तो गिअर सोडू नये. क्लच न दाबता इंजिनाचा रोध वापरत, ब्रेकने वेग कमी करून डावीकडे सुरक्षित जागा गाठावी आणि अगदी थांबण्याच्या वेळीच क्लच दाबावा. गाडी न्यूट्रलमध्ये अडकली असेल तर एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकचा) उपयोग होणार नाही, कारण इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो; म्हणून वेग वाढण्याची वाट न पाहता पहिल्या क्षणीच ब्रेक ठामपणे लावून थांबावे. ब्रेक वारंवार दाबून-सोडून हवेचा दाब वाया घालवू नये. इंजिन बंद करू नये, कारण ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर त्यावरच चालतो. थांबल्यावर आधी चाकांना ठोकळे लावावेत, मग मागे त्रिकोण ठेवावा, आणि गाडीखाली शिरण्यापूर्वी इंजिन बंद करावे. रॉड मोकळा करून लिव्हर हाताने दुसऱ्या गिअरमध्ये टाकता येतो व रिकामी गाडी हळू चालवत सपाटीवरून जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. पण उतार शिल्लक असेल किंवा गाडीत माल असेल तर टोइंगची गाडी बोलवावी.