आई ‘मंद’ आहे, एवढ्यावरून बाळ नेता येतं?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. बाळ सात महिन्यांचं. ‘हिला काय कळतंय’ म्हणत सासरच्यांनी स्टॅम्पपेपरवर तिचा अंगठा घेतला आणि बाळ नणंदेला दत्तक दिलं. आता काही करता येईल? (अकोला)

येईल. अंगठा उमटला म्हणजे संमती झाली, असं नाही. हिंदू कुटुंबात १९५६च्या दत्तक कायद्याप्रमाणे बाप एकटा मूल देऊ शकत नाही, आईची संमती लागते. बुद्धीचं कारण देऊन ती संमती टाळायची, तर न्यायालयाने तिला मनोविकल ठरवलेलं असावं लागतं. सासूने ठरवून भागत नाही, डॉक्टरच्या सर्टिफिकेटनेही नाही. दुसरा कायदेशीर मार्ग म्हणजे बालकल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करणं. तिथे आधी समुपदेशन होतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. तुमच्या बहिणीला यातलं काहीच मिळालेलं दिसत नाही.

तिला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि दिव्यांगांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. उशीर मात्र करू नका. ‘बाळ आता तिकडे रुळलंय’ हा मुद्दा दर आठवड्याला जड होत जातो.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. एक आई बाळाची माया खूप करते, लसही चुकवत नाही. पण गेल्या महिन्यात तापाचं औषध दुप्पट पाजलं. १०९८ या बालमदत क्रमांकाला कळवू का?

मूल उपाशी राहतंय, मार खातंय, एकटं सोडलं जातंय किंवा घरात कुणाची नजर वाईट आहे, तर क्षणभर थांबू नका. तुम्ही लिहिलंय त्यात मला तसं दिसत नाही. तिला ‘पाच मिली’ म्हणजे किती, ते कुणी दाखवलेलंच नसणार.

औषधासोबतच्या मापावर नर्सताईंकडून नेलपॉलिशची रेघ मारून घ्या. थेंबांचं औषध आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, म्हणून बाटली बदलली की रेघही नव्याने. वेळेसाठी कागदावर सूर्य आणि चंद्र काढा. आणि ‘कळलं का?’ असं विचारू नका, ती हो म्हणेल. पाणी भरून तुमच्यासमोर मापून दाखवायला सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती जमवते आहे, हे तारखेसह वहीत लिहा. उद्या कुणी तक्रार केलीच, तर ही वही तिच्या कामाला येईल.

प्रश्न : आम्ही दोघंही दिव्यांग. मुलासाठी काही मदत?

बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. निकष आणि अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात.

प्रश्न : मतिमंद पालकांचं मूल सरळ दत्तक देता येतं, असं कायद्यातच आहे म्हणतात. खरं का?

अर्धं खरं, आणि ते अर्धंही मला खटकतं. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ३८(३)मध्ये अशा मुलाला बालकल्याण समिती दत्तक देण्यासाठी मोकळं घोषित ‘करू शकते’ असं आहे. पण कायद्यातली प्रक्रिया पाळूनच. याउलट, दिव्यांग हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली, त्याचं कलम २३ म्हणतं की पालकाच्या अपंगत्वावरून मूल आईबापापासून तोडायचं नाही. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या अशाच एका तरुणीचा गर्भ ठेवण्याचा निर्णय मान्य केला. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं, बुद्धी सरासरीपेक्षा कमी म्हणून बाईला आई होण्याचा हक्क नाही का? हे कलम दुरुस्त व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर, मूल काढून घेण्याचा विषय समितीपुढे आलाच, तर बुद्ध्यांकावर वाद घालत बसू नका. लसीकरणाचं कार्ड, वजनाच्या नोंदी, अंगणवाडीची वही न्या, आणि मुलासाठी रोज हातभार लावणारी आजी किंवा मावशी प्रत्यक्ष सोबत न्या. मूल ताब्यात घेतल्यावर २४ तासांत समितीपुढे हजर करावं लागतं, त्या वेळीच पोचा. आदेश विरोधात गेला, तर प्रत तिथल्या तिथे मागा. अपिलाला ३० दिवसच असतात.