डिमिनिश्ड स्केल पाठ झाली, पण सोलोत ती नुसती जिन्यासारखी चढते-उतरते. ट्रायड नेमके कसे वापरायचे?

तुमचा प्रश्न असा: उदगीरकडं सप्ताहात कीर्तनाला पेटीची साथ करता, आता ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन जॅझ शिकताय. जी सेव्हन कॉर्डवर (जीला सा धरून सा, शुद्ध ग, प, कोमल नी) डिमिनिश्ड स्केल चालते हे वाचलं, बोटांत बसवली, पण सोलोत ती पलट्यासारखीच ऐकू येते. ‘ट्रायड घ्या’, म्हणजे तीन सुरांचा गट घ्या, असं सगळे सांगतात. पण कोणता, कधी आणि घेतल्यावर उतरायचं कुठं, हे कोणी सांगत नाही.

दोष तुमच्या बोटांचा नाही, स्केलच्या घडणीचा आहे. अर्धा स्वर, पूर्ण स्वर, पुन्हा अर्धा, पुन्हा पूर्ण अशी ती शेवटपर्यंत एकसारखी जाते. कान कशाला धरून बसणार? मेजर ट्रायड (सा, शुद्ध ग, प) मात्र कानाच्या ओळखीचा असतो. तोच ट्रायड भलत्या जागी ऐकू आला की ऐकणाऱ्याला ओळखही पटते आणि चटकाही बसतो. म्हणून स्केल हा धान्याचा साठा समजा. ताटात वाढायचे ते ट्रायड.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडं ‘स्केल कोणती?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘काळी दोन’. म्हणजे आपण सा विचारलेला असतो. जॅझमध्ये स्केल म्हणजे सुरांचा संच. खाली पट्ट्यांची नावं पेटीचीच वापरतो: पांढरी १ म्हणजे सी, काळी १ म्हणजे सी शार्प (तीच डी फ्लॅट), पुढं तसंच. तुमच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी म्हणजे मध्य पांढरी १ धरा. त्याच्याखाली मंद्र, वर तार.

जी सेव्हनसाठी लागते ती हाफ-होल, म्हणजे अर्ध्या स्वरानं सुरू होणारी. पांढरी ५ ला सा धरलात तर: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. पट्ट्या: पांढरी ५, काळी ४, काळी ५, पांढरी ७, काळी १, पांढरी २, ३ आणि ४. दोन्ही गंधार शेजारी-शेजारी बघून जोग आठवेल, पण तिथं शुद्ध मध्यम आहे, इथं तो नाहीच. तेव्हा रागाच्या चलनानं वाजवू नका, सवयीनं बोट शुद्ध मध्यमावर म्हणजे पांढरी १ वर पडतं आणि सगळा रंग उतरतो. तो सूर पुढं येणाऱ्या सी मेजर सेव्हन कॉर्डचा सा आहे. आधीच वाजवलात तर पाहुणा यायच्या आत पंगत उठल्यासारखं होतं.

या आठ सुरांत चार मेजर ट्रायड बसतात, प्रत्येकी दीड स्वराच्या अंतरावर: जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट आणि ई. चौघांचा स्वभाव वेगळा आहे आणि सगळी गंमत तिथंच आहे.

जीचा ट्रायड (पांढरी ५, पांढरी ७, पांढरी २) म्हणजे घरचाच माणूस, नवीन काही सांगत नाही. ईचा (पांढरी ३, काळी ४, पांढरी ७) सर्वांत कामाचा: त्यात जी सेव्हनची तेरावी (शुद्ध ध), फ्लॅट नववी (कोमल रे) आणि तिसरी (शुद्ध ग) हे तीन सूर येतात. गोड आणि तिखट एकदम. बी फ्लॅटचा (काळी ५, पांढरी २, पांढरी ४) शार्प नववी (कोमल ग), पाचवी (प) आणि सातवी (कोमल नी) देतो, ब्लूजचा वास त्याला येतो. डी फ्लॅटचा (काळी १, पांढरी ४, काळी ४) सर्वांत लांबचा: शार्प अकरावी (तीव्र म), सातवी, फ्लॅट नववी. त्यात ना सा, ना शुद्ध गंधार, ना पंचम, म्हणून तो एकटा वाजवला तर चुकल्यासारखा वाटतो, आणि डावा हात पक्का असेल तरच शोभतो.

माझं मत विचाराल तर पहिला महिनाभर ई आणि बी फ्लॅट एवढेच दोन घ्या. चारही ट्रायड एका बारमध्ये (चार ठोक्यांच्या आवर्तनात) कोंबणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. पुरणपोळीवर आमटी ओतल्यासारखं.

डाव्या हाताकडं जरा नीट बघू या, कारण पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. त्याला फक्त दोन सूर द्या, कॉर्डची तिसरी आणि सातवी. डी मायनर सेव्हनला मंद्र पांढरी ४ आणि तिच्या वरची मध्य पांढरी १. जी सेव्हनला मंद्र पांढरी ४ आणि मंद्र पांढरी ७. सी मेजर सेव्हनला मंद्र पांढरी ३ आणि पांढरी ७. बघा, दर वेळी एकच बोट एक पट्टी खाली सरकतं. एकट्यानं वाजवताना बास नसतो, म्हणून जी सेव्हनच्या पहिल्या ठोक्याला अगदी खालची पांढरी ५ वाजवा, मग हे दोन सूर. ही पांढरी ५ गाळली तर उजव्या हाताचा ईचा ट्रायड ऐकणाऱ्याला नुसता ई मेजर वाटतो, जी सेव्हनचा रंग वाटतच नाही. आणि कीबोर्डची ऑटो साथ बंद ठेवा, फक्त ड्रम चालू द्या. दोनच सूर दाबले की साथीचं यंत्र त्यातून भलताच कॉर्ड पकडतं.

आता प्रत्यक्ष तुकडा. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, प्रत्येकी एक बार. जी सेव्हनच्या बारमध्ये आठ सूर, म्हणजे तुमच्या केरव्याच्या आठ मात्रा. वाटणी ३, ३, २.

तार पांढरी ३, मध्य पांढरी ७, मध्य काळी ४ (हा ई)
तार काळी १, मध्य काळी ४, मध्य पांढरी ४ (हा डी फ्लॅट)
मध्य काळी ५, मध्य पांढरी ४ (हा बी फ्लॅट, अर्धाच)
आणि सी मेजर सेव्हनच्या समेवर मध्य पांढरी ३.

बोटं: करंगळी, मधलं, तर्जनी, करंगळी, तर्जनी, अंगठा, करंगळी, तर्जनी, समेला अंगठा. पहिल्या दोन ट्रायडमध्ये काळी ४ दोनदा येते आणि दोन्ही वेळा तिच्यावर तर्जनीच आहे. ती तिथंच राहू द्या, बाकीचा हात तिच्याभोवती वळवा. हे एकदा जमलं की अवघड काही उरत नाही. काळी ४ ही ई आणि डी फ्लॅट या दोघांची सामाईक पट्टी, तशीच पांढरी ४ ही डी फ्लॅट आणि बी फ्लॅटची. शेजारच्या दोन ट्रायडमध्ये नेहमी एक सूर सामाईक असतो. एकातून दुसऱ्यात जायचा दरवाजा तोच.

इथं डी फ्लॅट घेतलाय खरा, पण दोन ट्रायडच्या मधला पूल म्हणून. त्यावर मुक्काम करायचा नाही.

बाकी सगळं विसरलात तरी शेवटचा सूर विसरू नका. पांढरी ४ वरून पांढरी ३ वर, अर्ध्या स्वरानं, बरोबर समेवर. तिहाई समेवर आली नाही तर पखवाजवाल्याची काय गत होते ते तुम्ही पाहिलंय, इथंही तसंच. मधले सूर थोडे इकडं-तिकडं झाले तरी खपतात, उतरणं चुकलं तर आधीचं सगळंच चूक वाटतं. उतरायच्या वाटा ठरलेल्या आहेत: काळी ४ वरून पांढरी ५ वर, पांढरी ४ वरून पांढरी ३ वर, काळी १ वरून पांढरी २ वर. पांढरी ३ जागेवरच राहिली तरी चालते, ती जी सेव्हनची तेरावी आहे आणि सी मेजर सेव्हनची तिसरी.

वाजवूनही मजा येत नसेल तर आधी जोर तपासा. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्याचा. कीबोर्डवर दाबावर आवाज ठरतो आणि पेटीवाल्यांचे आठही सूर एकाच वजनाचे येतात. प्रत्येक गटाच्या पहिल्या सुरावर, म्हणजे १, ४ आणि ७ या मात्रांवर, किंचित वजन द्या. मग ३, ३, २ ऐकू येतं, नाहीतर ते साधे आठ सूर राहतात. दुसरी शंका पेडलची: तो दाबून ठेवलात तर तीन ट्रायड एकमेकांत मिसळून काला होतो. तिसरी, सप्तकाची: काळी ५ डाव्या हातातल्या पांढरी ७ च्या लगत खाली मंद्रात वाजवली की नुसती घाण ऐकू येते, तीच तिच्या वरच्या सप्तकात छान लागते. शार्प नववी कायम तिसरीच्या वर ठेवायची.

पहिला तुकडा उतरता होता. चढता हवा असेल तर ई आणि बी फ्लॅटची जोडी घ्या. या दोघांत तीन पूर्ण स्वरांचं अंतर आहे आणि एकही सूर सामाईक नाही, त्यामुळं सहा वेगवेगळे सूर मिळतात आणि आवाज जास्त धारदार होतो. मध्य पांढरी ७, तार पांढरी ३, तार काळी ४. तार काळी ५, त्यावरची पांढरी २, पांढरी ४. परत खाली तार पांढरी ७, तार काळी ४. समेवर तार पांढरी ५. इतक्याच अंतरावरचे दोन मेजर ट्रायड, सी आणि एफ शार्प, एकाच वेळी वाजवायची युक्ती रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीनं १९११ च्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेत केली होती. जॅझवाल्यांनीच हे शोधलं असं कोणी सांगितलं तर मान डोलवायची गरज नाही.

याच चार मुळांवर मायनर ट्रायडही बसतात. जी मायनर ब्लूजसारखा लागतो, ई मायनर अगदी साधा. बाकीचे दोन नंतर बघा.

चावीचा प्रश्न सोपा आहे. डिमिनिश्ड स्केल एकूण तीनच आहेत. वरची एकच जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट आणि ई या चारही सेव्हन कॉर्डना चालते. दुसरी सी, ई फ्लॅट, एफ शार्प, ए यांची. तिसरी एफ, ए फ्लॅट, बी, डी यांची. म्हणून ट्रान्सपोजच्या बटणाला हात लावू नका. बारा पट्ट्यांचं काम तीन आकारांत होत असताना तो आळस महागात पडतो, कारण कॉर्ड दर बारला बदलतात आणि बटण काही दर बारला दाबता येत नाही.

आता जिथं हे वापरायचं नाही त्या जागा. होल-हाफ, म्हणजे पूर्ण स्वरानं सुरू होणारी स्केल, जी सेव्हनवर जीपासून वाजवली तर पांढरी ७ आणि पांढरी ४ या दोन्ही पट्ट्या तिच्यात नसतातच आणि काळी ३ येते. कॉर्डचा जीवच गेला. ती डिमिनिश्ड कॉर्डसाठी आहे. नव्वद टक्के ‘मला जमत नाही’ इथून सुरू होतात असा माझा अंदाज.

दुसरी जागा: जी सेव्हन जर सी मायनरकडं जात असेल तर ईचा ट्रायड जपून. त्यातली पांढरी ३ पुढं येणाऱ्या काळी २ ला आधीच खोडून टाकते. तिथं ऑल्टर्ड स्केल बरी, तिच्यात काळी २ आहे. एफच्या ब्लूजमध्ये (बारा बारचा ठरलेला साचा) हे अगदी हाताशी दिसतं. चौथ्या बारमध्ये एफ सेव्हन बी फ्लॅटकडं जातो. तिथं डी मेजरचा ट्रायड घेऊन पांढरी २ वर उतरा, सुंदर लागतं. आठव्या बारमध्ये डी सेव्हन येतो, त्याचीही स्केल तीच, म्हणून तेच ट्रायड वाजवायचा मोह होतो. पण तो जी मायनरकडं जातोय, आणि बी मेजर घुसवलात तर त्यातल्या पांढरी ७ मुळं नवव्या बारची काळी ५ फिकी पडते. आणि जी सेव्हनच्या जागी साथीचा गिटारवाला साधा जी नाइन्थ कॉर्ड धरून बसला असेल तर त्याची पांढरी ६ आणि तुमची काळी ४ भांडणारच. आधी बोलून घ्या.

जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिस यांच्या नावानं शिकवली जाणारी सिक्स्थ-डिमिनिश्ड स्केल ही वेगळी गोष्ट आहे. नावात डिमिनिश्ड आहे म्हणून दोन्ही एकत्र करू नका.

सरावाचं सांगतो. पहिले चार-पाच दिवस कीबोर्ड नको, मोबाइलवर तानपुरा पांढरी ५ ला लावा, सा-प असा. त्याच्या साथीला पेटीवर एकेक ट्रायड सावकाश धरून ऐका, प्रत्येकाचा रंग ओळखता आला पाहिजे. मग वरचा उतरता तुकडा ६० च्या लयीत, डाव्या हातासह. सलग पाच वेळा न चुकता आला की चारनं वाढवा. १२० ला पोचलात की मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि टिकटिक दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला आली असं धरून वाजवा. स्विंग (जॅझची झुलती लय) तिथं कळतो. लाइट गेली तर उजव्या हाताचा तुकडा पेटीवर घ्या, बोटं तीच आहेत. फक्त वजनाचा सराव मात्र लाइट आल्यावरच होईल.