फर्नेसची (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची) ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसते आणि घरात सगळ्यांचंच डोकं दुखतंय. कार्बन मोनॉक्साइड असेल का?

असू शकतो, आणि तपासत बसू नका. आधी सगळे घराबाहेर पडा, मग बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन करा. बाहेर गेल्यावर डोकं हलकं वाटलं तर संशय आणखी पक्का. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रंग-वास नसल्यामुळे झोपेत तो कळतही नाही, म्हणून तेव्हा जास्त घात होतो.

पिवळी ज्योत म्हणजे बहुधा अर्धवट ज्वलन: बर्नर मळलेला, हवा अपुरी किंवा धुराडं तुंबलेलं. हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेला असेल तर मात्र ज्योत निळी असूनही धोका असतो, आणि तो तडा सहसा वरवर दिसत नाही. तंत्रज्ञाने तपासेपर्यंत फर्नेस बंदच ठेवा. झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म लावा (धुराचा नव्हे, कार्बन मोनॉक्साइडचा).