बहिणीला एपिलेप्सी आहे, हे स्थळाला सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला फिट्स यायच्या, आता गोळ्या चालू आहेत आणि दोन वर्षांत एकही आलेली नाही. वडोदऱ्यातच स्थळं बघताय आणि काकू म्हणतात, "बोलू नका, कोण करून घेईल?"

माझं मत विचाराल तर हो, सांगा. बायोडेटात लिहायची गरज नाही. दोघं भेटली, पुढे जावंसं वाटलं, की साखरपुड्याच्या आधी सांगा, आणि शक्यतो बहिणीनंच सांगू दे.

मला शाळेत असल्यापासून एपिलेप्सी आहे. दांडिया बाजारात आमचं घर आहे, संसार चांगला चाललाय. काकूंची भीती खोटी नाही, माझीही स्थळं परत गेली. एका मावशींनी तर भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, न्यायचं सुचवलं होतं. तरीही मी सांगा म्हणते, कारण लपवलं की नव्या घरात गोळीही लपवावी लागते. पाकीट पर्समध्ये, पर्स कपाटात, आणि कपाट ज्या खोलीत आहे तिथे पाहुणे झोपलेले. एक वेळ चुकते, मग दुसरी. गोळी चुकणं आणि जागरण ही फिट परत येण्याची अगदी नेहमीची कारणं आहेत. आपल्याकडे नव्या सुनेला लग्नघरात झोप मिळत नाही, त्यात नवरात्र आलं की नऊ रात्री गरबा. "मला लवकर झोपायला हवं" हे कारण न सांगता ती कसं म्हणणार?

आणि फिट आलीच, तर भोवतालच्यांना काही माहीत नसतं. कुणी हातपाय दाबून धरतं, कुणी दातांत चमचा घालतं, कुणी "जोडो सूंघाडो", म्हणजे चप्पल हुंगवा, म्हणून ओरडतं. चपलेनं नि कांद्यानं काही होत नाही, चमच्यानं मात्र दात तुटू शकतो. माझ्या सासूबाईंना आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्यासमोर पहिल्यांदा फिट आली तेव्हा त्यांनी स्टूल बाजूला सरकवलं, माझ्या डोक्याखाली साडीची घडी ठेवली, मला कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत जवळ बसून राहिल्या. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजलं नाही. फिट पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर लगेच 108 ला फोन करायचा, हे त्यांना डॉक्टरांनी समजावलेलं होतं.

"कायद्यानं असं लग्न होत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तशी अट होती, 1999 च्या दुरुस्तीत ती काढली. उलट लपवलं, तर समोरच्याला फसवणुकीचा मुद्दा घेऊन कोर्टात जायला वाव मिळतो.

मुलांना होईल का, हे विचारतीलच. आई किंवा वडिलांना एपिलेप्सी असली तरी बहुतेक मुलांना ती होत नाही. पण गोळी कोणती आहे ते बघा. सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर पोटातल्या बाळाला धोका असतो, म्हणून लग्न ठरायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टना विचारा. मनानं एकही गोळी बंद करायची नाही. स्कूटीचंही विचारतील. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये एपिलेप्सीचा प्रश्न असतो, तिथे खरंच लिहायचं. मी गाडी चालवत नाही, आणि उत्तरायणाला पतंग उडवायला कठडा नसलेल्या गच्चीवर जात नाही. बाकी सगळं करते.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमची बहीण आज त्यांच्यातच आहे. तिनं रडवेलं होऊन, माफी मागितल्यासारखं सांगू नये. "मला एपिलेप्सी आहे, रोज गोळ्या घेते, दोन वर्षं फिट नाही. शंका असतील तर माझ्या डॉक्टरांकडे सोबत चला," एवढं पुरे. माझ्या नवऱ्यानं तेव्हा डॉक्टरांना अर्धा तास प्रश्न विचारले होते आणि मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या तपासणीला काकूंनाही घेऊन जा. त्यांच्या मनात काय काय आहे ते डॉक्टरांसमोरच निघू दे.